भीतीची आठवण: संप्रेरक किती, यापेक्षा केव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे भीती आणि स्मृती यांच्याविषयी आहेत, आणि त्यांतील बहुतेक पत्रांत ‘हार्मोन’ हा शब्द आरोपीच्या नावासारखा आला आहे. कॉर्टिसॉल वाढले म्हणून भीती, ॲड्रिनॅलिन सुटले म्हणून भीती, अशी सरळ मांडणी करून अनेकांनी उपाय विचारला आहे. प्रत्यक्षात संप्रेरके भीतीची आठवण स्वतः साठवून ठेवत नाहीत. कोणती आठवण किती घट्ट बसावी आणि ती केव्हा वर यावी, यावर ती प्रभाव टाकतात. एकच संप्रेरक वेगवेगळ्या वेळी परस्परविरोधी कामे करते, हे ध्यानात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील आमच्या गावातले घर भूकंपात पडले. आई आता सत्तरीत आहे. रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि खिडकीची तावदाने थरथरली की ती आजही दाराकडे धावते. आदल्या दिवशीच्या गणेश विसर्जनातले तिला फारसे आठवत नाही, त्या पहाटेचे मात्र सारे स्वच्छ आठवते. इतक्या वर्षांनी भीती ताजी कशी राहते? — एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या आईंना त्या पहाटेचे जे आठवते ते, आणि ट्रक गेल्यावर त्यांचे पाय ज्या वेगाने दाराकडे वळतात ते, या दोन गोष्टी मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर अवलंबून आहेत. अंधार, कोसळलेले माळवद, कुणी कुणाला मारलेल्या हाका, हा प्रसंग जागा आणि काळ यांच्यासह आठवण्यासाठी हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. थरथर जाणवताच छाती धडधडणे आणि बाहेर पळण्याची ऊर्मी येणे, यामागे मात्र अमिग्डाला हा भाग असतो. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक असा हा बदामाच्या आकाराचा पेशीसमूह आहे. न्यूयॉर्क येथील संशोधक जोसेफ लेदू यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून त्याचे काम बरेचसे उलगडले. एक विशिष्ट सूर ऐकवून लगेच पायांना विजेचा सौम्य झटका दिला की उंदीर ते नाते काही वेळांतच शिकतो आणि पुढे नुसता सूर ऐकूनही जागीच थिजतो. आवाजाची खबर थॅलॅमस या भागाकडून अमिग्डालाला थेटही पोहोचते, मेंदूच्या बाह्य पटलात त्या आवाजाची नीट छाननी होण्याची वाट पाहत नाही, हे या प्रयोगांतून दिसले. म्हणूनच ‘हा ट्रक आहे’ हे आपल्या आईंना उमजेपर्यंत त्या अर्ध्या वाटेवर पोहोचलेल्या असतात.

विसर्जनाचा दिवस पुसट आणि पहाट ठळक का, या प्रश्नाचे उत्तर संप्रेरकांत आहे. धोका जाणवताच काही सेकंदांत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. हे ॲड्रिनॅलिन रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. तरीही ते स्मृती बळकट करते, आणि ते कसे, हे कोडे बरीच वर्षे होते. ते छातीपोटातून वर जाणाऱ्या व्हेगस या चेतातंतूला उद्दीपित करते, तो संदेश मेंदूच्या देठातील केंद्रांत पोहोचतो, आणि तेथील पेशी अमिग्डालात नॉरॲड्रिनॅलिन हे रसायन सोडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत जेम्स मॅकगॉ यांनी अनेक दशके या साखळीचा अभ्यास केला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांचे वैशिष्ट्य असे, की ते औषध शिकण्यापूर्वी न देता शिकून झाल्यावर देत. शिकल्यानंतर लगेच ॲड्रिनॅलिन टोचले तर उंदरांची आठवण पक्की होई. काही तासांनी टोचले तर फरक पडत नसे. आठवण घडताक्षणी पूर्ण होत नाही, ती पक्की व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळातच संप्रेरकांचा तिच्यावर ताबा चालतो, असा त्याचा अर्थ.

माणसांतही हे दाखवता आले आहे. लॅरी काहिल आणि मॅकगॉ यांनी १९९४ मध्ये काही निरोगी व्यक्तींना चित्रांच्या पट्टिकांसह एक गोष्ट सांगितली. आई आणि मुलगा घरून निघतात, मध्येच मुलाला भीषण अपघात होतो, पुढे रुग्णालय. काहींना ऐकण्यापूर्वी प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिले होते. ते ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन यांचा पेशींवरील एका प्रकारचा परिणाम रोखते. आठवड्याने विचारले असता औषध न घेतलेल्यांना अपघाताचा मधला भाग बाकीच्या गोष्टीपेक्षा अधिक चांगला आठवत होता; औषध घेतलेल्यांत हा फायदा दिसला नाही. महत्त्वाचे म्हणजे गोष्ट ऐकताना त्यांनाही ती तितकीच हेलावणारी वाटली होती. भावना तीच होती. तिची आठवण घट्ट करणारी पायरी तेवढी अडली होती. आपल्या आईंच्या बाबतीत त्या पहाटे आणि त्यानंतरच्या कित्येक तासांत ही पायरी पूर्ण ताकदीने चालू होती. विसर्जनाच्या मिरवणुकीला असे काही पाठबळ मिळण्याचे कारण नव्हते.

दोन गोष्टी जोडून सांगायला हव्यात. ठळक आठवण म्हणजे बिनचूक आठवण, असे नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अवकाशयान कोसळले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ‘ही बातमी तुम्हाला कोठे व कशी कळली’ हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी तेच पुन्हा विचारले. कित्येकांची उत्तरे मूळ लिखाणाशी जुळली नाहीत, पण त्यांचा आत्मविश्वास दांडगा होता. तेव्हा त्या पहाटेच्या तपशिलांवरून घरात मतभेद झाले तर कुणी खोटे बोलत आहे असे समजू नये. भावनेमुळे प्रसंगाचा गाभा पक्का होतो. कडेचे तपशील तितके पक्के होत नाहीत.

दुसरी गोष्ट, ट्रक हा भूकंप नव्हे हे मेंदूला सांगण्याचे काम हिप्पोकॅम्पसचे. हा धोका कोठे, कोणत्या परिस्थितीत होता, ही चौकट तो भाग पुरवतो. फ्रान्समध्ये बोर्दो येथील संशोधकांनी २०१२ मध्ये असे दाखवले, की तीव्र झटक्याच्या शिकवणीनंतर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ताणाचे संप्रेरक वाढवले तर ते खऱ्या धोक्याच्या जागेला न घाबरता त्याच सुमारास ऐकू आलेल्या, झटक्याशी संबंध नसलेल्या आवाजाला घाबरू लागतात. भीती राहते आणि तिची चौकट हरवते. आपल्या आईंची प्रतिक्रिया बरीचशी याच जातीची आहे. समजावून सांगूनही ती जात नाही, कारण समजूत ज्या भागाला पटते तो भाग धावण्याचा हुकूम देत नाही. वयाचा विचार करून तिच्यावर उपचार करू नयेत, असे मात्र मुळीच नाही; त्याविषयी तिसऱ्या प्रश्नात लिहिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पहिल्या प्रयत्नात परीक्षागृहात त्याला काहीच आठवेना, तेव्हापासून तो परीक्षेलाच घाबरतो. ‘कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या’ पावडरींच्या जाहिराती सारख्या दिसतात. कॉर्टिसॉल कमी केले तर भीती जाईल का? — एक पालक, पुणे

उत्तर : पावडर घेऊ नये, हे आधी सांगतो. कारण थोडे लांबलचक आहे.

ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला, ती रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींना आदेश देते, आणि त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल स्रवते. ॲड्रिनॅलिनला सेकंद लागतात. कॉर्टिसॉलची पातळी शिखराला पोहोचायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ॲड्रिनॅलिनला मेंदूचा उंबरा ओलांडता येत नाही, पण कॉर्टिसॉल मेंदूत सहज जाते. १९६८ मध्ये ब्रूस मॅकइव्हन यांनी उंदरांना किरणोत्सारी खूण लावलेले अशा जातीचे संप्रेरक दिले, तेव्हा ते हिप्पोकॅम्पसमध्ये साठलेले आढळले. ताणाचे संप्रेरक थेट स्मृतीच्या केंद्रावरच बसते, हा त्या काळी अनेकांना अनपेक्षित असा निष्कर्ष होता.

तेथे ते काय करते, हे वेळेवर ठरते. शिकताना किंवा शिकल्यावर लगेच ते वाढले, आणि त्याच वेळी अमिग्डालात नॉरॲड्रिनॅलिन सुटलेले असले, तर आठवण पक्की होते. यांतील दुसरी अट महत्त्वाची. बेन्नो रोझेंडाल आणि मॅकगॉ यांच्या प्रयोगांत अमिग्डालातील नॉरॲड्रिनॅलिनचे काम औषधाने रोखले, तर ताणाच्या संप्रेरकाने स्मृती सुधारत नसे. पण हेच संप्रेरक आठवण्याच्या वेळी वाढलेले असले तर उलटे घडते. डॉमिनिक द केरव्हँ यांनी रोझेंडाल आणि मॅकगॉ यांच्यासह १९९८ मध्ये उंदरांना पाण्यात बुडालेल्या एका फळीची जागा शिकवली. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या तीस मिनिटे आधी झटका दिलेल्या उंदरांना ती जागा सापडेना; दोन मिनिटे आधी किंवा चार तास आधी झटका दिलेल्यांना मात्र सापडली. तीस मिनिटे म्हणजे नेमकी संप्रेरकाच्या शिखराची वेळ. पुढे माणसांवरही, शरीरात ज्याचे कॉर्टिसॉल बनते त्या कॉर्टिसोनची गोळी देऊन, आठवण्यातील अशीच अडचण दाखवली गेली.

आपल्या मुलाच्या बाबतीत हे असे घडले असावे. केंद्रावर पोहोचणे, तपासणी, रांग, प्रश्नपत्रिकेची वाट, हे सारे साधारण त्याच अवधीत बसते. अभ्यास पुसला गेलेला नव्हता. तेवढ्या वेळापुरता तो वर येत नव्हता. मात्र ‘मला काही आठवत नाही’ हा अनुभव घेताना मुलाचा मेंदू नव्याने शिकतच होता, आणि ते शिकणे, तशाच तीव्र क्षणी झाल्यामुळे, फार घट्ट बसले. एकाच सकाळी एकाच संप्रेरकाने जुने आठवू दिले नाही आणि नवी भीती पक्की केली. उपाय संप्रेरक दाबण्यात नसून परीक्षेसारख्या परिस्थितीची सवय करण्यात आहे. अनोळखी जागी, वेळ लावून, इतरांच्या बरोबर बसून सराव परीक्षा वारंवार दिल्या की ती परिस्थिती मेंदूला नवी राहत नाही, आणि कॉर्टिसॉलचे उसळणे आपोआप ओसरते.

आता ‘कमी असणे चांगले’ या समजुतीविषयी. भीषण प्रसंगानंतर ज्यांना दीर्घकाळ आघातोत्तर ताणविकार होतो, त्यांच्यातील अनेकांत कॉर्टिसॉल अपेक्षेच्या उलट, कमीच आढळते, हे अमेरिकेतील रेचेल येहुदा यांनी युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आणि नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या अभ्यासांतून पुढे आणले. सगळ्या अभ्यासांत तसे दिसत नाही, पण ‘जास्त कॉर्टिसॉल म्हणजे जास्त भीती’ हे सूत्र त्यामुळे टिकत नाही.

या प्रश्नावरील फार मोलाचे काम आपल्याच देशात झाले आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हालचाल करता येणार नाही अशा स्थितीत ठेवले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडल्या. अमिग्डालातील फांद्या मात्र वाढल्या. दोन शेजारी भागांवर एकाच ताणाचा असा विरुद्ध परिणाम होतो, हे तोवर स्पष्ट नव्हते. नंतरच्या कामात असेही आढळले की ताण थांबवून तीन आठवडे विश्रांती दिली तरी अमिग्डालातील वाढ तशीच राहते. २००५ चा प्रयोग त्याहून विलक्षण आहे. उंदराला एकदाच दोन तास ताण दिला. दुसऱ्या दिवशी तपासले तर अमिग्डालात काही बदल नाही. दहा दिवसांनी तपासले तर पेशींवर नवे जोडबिंदू उगवलेले आणि उंदीर अधिक चिंताग्रस्त. आघात आणि त्याची लक्षणे यांत दिवसांचे अंतर का पडते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको. आणि २०१२ मध्ये याच गटाने दाखवले, की त्या एका ताणापूर्वी उंदरांना त्यांचे ताणाचे संप्रेरक पिण्याच्या पाण्यातून दिले असेल, तर दहा दिवसांनंतरचे ते बदल होत नाहीत. ज्याला आपण खलनायक समजतो त्याने येथे बचाव केला.

शरीराला कॉर्टिसॉल सकाळी उठताना अधिक आणि रात्री कमी लागते. त्याचा हा रोजचा चढउतार बिघडवणाऱ्या कोणत्याही गोष्टीची जाहिरात पाहून निवड करू नये. दम्यासाठी, संधिवातासाठी वा अन्य कारणाने कुणी डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडच्या, म्हणजे कॉर्टिसॉलसारखेच काम करणाऱ्या, गोळ्या दीर्घकाळ घेत असेल, तर त्याने हे उत्तर वाचून त्या अचानक बंद करू नयेत. तसे करणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घाटात माझ्या दुचाकीला अपघात झाला. आता घाटाचे वळण दिसले तरी हात गार पडतात. भीतीची आठवण पुसणारी गोळी निघाली आहे असे वाचले. ती येथे मिळते का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण वाचलेली गोळी बहुधा वर आलेले प्रोप्रॅनोलॉलच असावे. ते नवे नाही. रक्तदाब, अर्धशिशी, हातांचा कंप यांसाठी आपल्या औषधांच्या दुकानांतून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते फार वर्षांपासून मिळते. त्याच्याभोवती नवी आशा निर्माण झाली ती २००० सालच्या एका शोधामुळे. करीम नादेर यांनी लेदू यांच्या प्रयोगशाळेत, सुराला घाबरायला शिकलेल्या उंदरांना तो सूर पुन्हा एकदा ऐकवला आणि लगेच अमिग्डालात नवी प्रथिने बनणे रोखणारे औषध सोडले. पुढच्या तपासणीत ती भीती जवळजवळ दिसेना. सूर न ऐकवता तेच औषध दिले तर मात्र भीती जशीच्या तशी राहिली. याचा अर्थ असा काढला गेला, की जुनी आठवण जागी झाली की ती थोडा काळ सैल होते आणि तिला पुन्हा पक्के व्हावे लागते. आठवण एकदा पक्की झाली की कायमची, या समजुतीला हा मोठा धक्का होता.

ॲम्स्टरडॅम येथे मेरेल किंट यांनी २००९ मध्ये हेच माणसांवर करून पाहिले. कोळ्याच्या चित्राबरोबर सौम्य झटका बसतो हे शिकलेल्या व्यक्तींना दुसऱ्या दिवशी प्रोप्रॅनोलॉल देऊन ते चित्र पुन्हा दाखवले. तिसऱ्या दिवशी चित्र पाहून दचकण्याची प्रतिक्रिया नाहीशी झाली होती, पण ‘या चित्रानंतर झटका येतो’ हे त्यांना पक्के ठाऊक होते. आठवण होती, भीती नव्हती. वर्तमानपत्रांनी याचे ‘स्मृती पुसणारी गोळी’ केले, ते चुकीचे होते.

त्यानंतरची कहाणी कमी चमकदार आहे. इतर काही प्रयोगशाळांना हा निकाल पुन्हा मिळवता आला नाही. अपघातानंतर लगेच प्रोप्रॅनोलॉल दिले तर पुढचा विकार टळेल, या आशेने केलेल्या चाचण्यांचाही एकूण निष्कर्ष निराशाजनक ठरला, आणि याचे एक कारण मला सरळ दिसते: रुग्ण रुग्णालयात पोहोचून गोळी घेईपर्यंत त्याच्या स्वतःच्या ॲड्रिनॅलिनचे काम बरेचसे उरकलेले असते. माँट्रियल येथील अलँ ब्रुने यांच्या गटाने २०१८ मध्ये, गोळी घेऊन आपला प्रसंग दर आठवड्याला लिहून वाचणाऱ्या रुग्णांत लक्षणीय सुधारणा नोंदवली. पण सर्वच चाचण्यांत तसे आढळलेले नाही. तेव्हा आज तरी हा नेहमीचा उपचार म्हणता येत नाही. दमा असलेल्यांनी हे औषध टाळायचे असते, ते अचानक बंद करायचे नसते, आणि दुचाकी चालवण्यापूर्वी स्वतःच्या मनाने तर ते कधीच घ्यायचे नसते.

आपल्यासाठी खात्रीचा मार्ग जुनाच आहे: प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने, टप्प्याटप्प्याने, भीतीच्या परिस्थितीला सामोरे जाणे. आधी घाटाची छायाचित्रे, मग दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून, मग दिवसा कमी रहदारीत स्वतः. यात जुनी भीती पुसली जात नाही. ‘हे वळण सुरक्षितही असते’ अशी दुसरी आठवण तिच्या शेजारी तयार होते. पोर्तो रिको येथे मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ मध्ये उंदरांत दाखवले, की ही दुसरी आठवण वर आणण्याचे काम कपाळामागील पटलाच्या आतल्या, मध्याजवळच्या भागातील पेशी करतात आणि त्या अमिग्डालाला आवर घालतात. दोन आठवणी शेजारी असल्यामुळेच, काही महिन्यांनी वेगळ्याच घाटात किंवा एखाद्या दगदगीच्या दिवशी जुनी भीती डोके वर काढते. तसे झाले म्हणजे उपचार फसला असे समजून ते सोडू नयेत.

येथेही संप्रेरकाची वेळ उपयोगी पडते. द केरव्हँ यांच्या गटाने २०११ मध्ये उंचीची भीती असलेल्या चाळीस व्यक्तींना, आभासी उंचीला सामोरे नेण्याच्या एक तास आधी, कॉर्टिसॉल किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. महिन्यानंतरही कॉर्टिसॉल घेतलेल्यांची भीती अधिक घटलेली होती. वर पाहिलेल्या दोन्ही गुणांचा येथे एकत्र लाभ होतो: जुनी भीती वर यायला अडचण, आणि नवे शिकलेले पक्के होण्यास मदत. नैसर्गिक कॉर्टिसॉल सकाळी अधिक असते, म्हणून अशी सत्रे सकाळी घ्यावीत का, यावरही अभ्यास झाले आहेत. आपल्याला निवड करता येत असेल तर सकाळची वेळ मागून पाहण्यात तोटा काहीच नाही.

प्रश्न : मासिक पाळीच्या आसपास जुन्या भीतीदायक आठवणी अधिक छळतात, असे माझे निरीक्षण आहे. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले. यात तथ्य आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे. ‘हे सुरक्षित आहे’ ही शेजारची आठवण किती टिकते, यावर इस्ट्रोजेनच्या इस्ट्रॅडिऑल या रूपाचा परिणाम होतो, असे मिलाद आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांत आणि उंदरांच्या माद्यांतही दाखवले आहे. इस्ट्रॅडिऑल कमी असताना भीती ओसरण्याचा धडा दुसऱ्या दिवशी तितकासा आठवत नाही. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते कमीच असते. संततिनियमनाच्या गोळ्यांमुळेही ही पातळी खाली राहते आणि त्या घेणाऱ्या स्त्रियांत असाच परिणाम २०१३ मध्ये नोंदवला गेला. पण तेवढ्यावरून गोळ्या बंद करण्याचे कारण नाही. आपण दोन-तीन महिने तारखा आणि त्रास यांची नोंद ठेवावी आणि ती घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. समुपदेशन चालू असेल तर अवघड सत्र कोणत्या आठवड्यात घ्यावे, हे त्या नोंदीवरून ठरवता येईल.

आघातोत्तर ताणविकार स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो. त्याचे सारे खापर संप्रेरकांवर फोडण्याची घाई काही लेखक करतात, ती मला मान्य नाही. स्त्रियांच्या वाट्याला येणारी हिंसा अनेकदा घरातली, ओळखीच्या माणसाकडून झालेली आणि पुन्हा पुन्हा होणारी असते. भीतीला तेथे ओसरायला जागाच मिळत नाही.

प्रश्न : ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा फवारा भीती घालवतो, असे परदेशातील नातेवाईक सांगतात. हे प्रसूतीच्या वेळचेच औषध ना? — एक वाचक, मडगाव

उत्तर : होय, तेच संप्रेरक. प्रसूतीत ते रक्तावाटे गर्भाशयावर काम करते. पण हायपोथॅलॅमसमधील तेच पेशीसमूह त्याचे तंतू थेट अमिग्डालातही पाठवतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील रॉन स्टूप आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले, की अमिग्डालाच्या ज्या केंद्रातून भीतीचे आदेश बाहेर पडतात, तेथे ऑक्सिटोसिन एका गटाच्या पेशींना चेतवून शेजारच्या आदेश देणाऱ्या पेशींना गप्प करते, तर त्याचेच जवळचे भावंड असलेले व्हॅसोप्रेसिन त्या आदेश देणाऱ्या पेशींना चेतवते. पुढे उंदरांच्या मेंदूत या तंतूंतून ऑक्सिटोसिन सोडायला लावल्यावर त्यांचे थिजणे कमी झालेले दिसले. येथवर आपल्या नातेवाइकांचे म्हणणे ठीक आहे. परंतु २०१३ मध्ये, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात याच ऑक्सिटोसिनमुळे उंदरांची भीती वाढते, असेही आढळले; समाजात मार खाल्लेल्या उंदरांत ते विशेष दिसले. फवारा मेंदूच्या कोणत्या भागात किती पोहोचेल, हे मारणाऱ्याच्या हाती नसते. तो मागवू नये.

प्रश्न : आजीला विस्मरणाचा आजार आहे. सकाळचे दुपारी आठवत नाही. तरी देखभालीला येणाऱ्या दोघींपैकी एकीला पाहून ती अंग चोरते. विचारले तर ‘कोण ती?’ म्हणते. आठवतच नसेल तर भीती कशाची? — एक वाचक, नाशिक

उत्तर : जिनिव्हा येथील डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये अशीच एक हकिकत लिहून ठेवली आहे. त्यांची एक रुग्ण त्यांना रोज नव्याने भेटत असे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्या वेळी तिने त्यांना ओळखले नाही, पण हात मागे घेतला. का, हे तिला सांगता येईना. १९९५ मध्ये अंतुआन बेशारा आणि सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजूही दाखवली. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या रुग्णाला कोणत्या रंगाच्या चित्रानंतर कर्णकर्कश भोंगा वाजतो हे नीट सांगता येई, पण ते चित्र पाहून त्याच्या तळहातांना घाम सुटत नसे. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रुग्णाचे नेमके उलट होते.

आजीच्या आजारात हिप्पोकॅम्पस लवकर बाधित होतो. अमिग्डालावरही परिणाम होतो, तरी भीती शिकण्याची थोडीफार क्षमता उरलेली असू शकते. त्यामुळे अंग चोरण्यामागे काहीच नसेल, असे गृहीत धरू नये. कारण साधेही असू शकते: अंघोळीचे फार गार पाणी, घाईने उचलणे, चढा आवाज. ते तसे नसण्याचीही शक्यता आहे. ती बाई काम करत असताना काही दिवस घरातील कुणीतरी खोलीत थांबावे, आजीच्या दंडांवर, मनगटांवर, पाठीवर वळ किंवा निळे डाग आहेत का ते पाहावे, आणि संशयाला थोडीही जागा दिसली तर शहानिशा होण्याची वाट न पाहता त्या बाईंचे येणे आधी थांबवावे.